आतेने रांधलेली पेज

आशिया खंडाच्या आग्नेयेस, प्रशांत महासागराच्या कडेला, फिलिपाइन्स हा द्वीपसमूह पसरलेला आहे. त्यात लहानमोठी 7,641 बेटे आहेत. सुमारे 11 कोटी लोक तेथे राहतात आणि आपल्या कोकणाप्रमाणेच त्यांचे मुख्य अन्न भात हे होय. त्यांच्या तागालोग भाषेत भाताच्या प्रत्येक अवस्थेला निराळा शब्द आहे. शेतात डोलणारे पीक व त्याचे टरफलासकट दाणे म्हणजे 'पालाय', सडून काढलेले तांदूळ म्हणजे 'बिगास' आणि शिजलेला भात म्हणजे 'कानिन'. रात्रीच्या उरलेल्या भाताला 'बाहाव' म्हणतात. त्यालाच सकाळी लसूण घालून परतले की तो 'सिनांगाग' होतो. इतकेच काय, भांड्याच्या तळाला लागलेल्या खरवडीलाही 'तुतोंग' असे स्वतंत्र नाव आहे. ज्या लोकांनी खरवडीचेही नाव ठेवले, त्यांच्या घरी तांदळाच्या दाण्याचे मोल काय असेल, हे निराळे सांगावयास नको.

याच शब्दांच्या कुटुंबातील एक शब्द 'लुगाव'. लुगाव म्हणजे भरपूर पाण्यात मऊ शिजविलेली तांदळाची पेज. तिच्यावरील पांढऱ्या निवळीला 'आम' म्हणतात व ती पूर्वापार तान्ह्या मुलांना पाजीत आले आहेत. ज्याला ताप आला आहे, ज्याचे दात पडले आहेत, जो पावसात भिजून आला आहे, त्या सर्वांसाठी लुगाव असते. वादळात घर सोडून शाळेत किंवा देवळात आसऱ्याला आलेल्यांनाही मोठ्या हंड्यांतून तेच वाढले जाते. कारण थोड्या तांदळांत पुष्कळांचे पोट त्यानेच भरते.

या साध्या पेजेपायी एकदा त्या देशात मोठा गहजब झाला होता. मार्च 2021 मध्ये करोनाच्या साथीमुळे मनिला शहराच्या आसपास रात्रीची संचारबंदी होती. बुलाकान प्रांतात घरोघर अन्न पोचविणाऱ्या एका माणसाला पहाऱ्यावरील लोकांनी अडविले. त्याच्या पिशवीत लुगाव होते. 'लुगाव काही जीवनावश्यक वस्तू नव्हे. त्यावाचून माणूस जगू शकतो,' असे त्याला सुनावण्यात आले. या प्रसंगाची चित्रफीत पाहता पाहता देशभर पसरली. लोक हसले आणि संतापलेही. शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या प्रवक्त्याला जाहीर करावे लागले, की अन्न हे जीवनावश्यकच आहे आणि लुगाव हे अन्नच आहे! पेजेच्या वाडग्यासाठी सरकारला खुलासा करावा लागल्याची उदाहरणे जगात फारशी नसतील.

लुगावात आले, लसूण आणि कोंबडीचे मांस घातले, की त्याचे नाव बदलते. त्याला 'अरोस काल्दो' म्हणतात. हे नाव ऐकून हा पदार्थ स्पेन देशातून आला असावा, असे कोणासही वाटेल. स्पॅनिश भाषेत अरोस म्हणजे तांदूळ व काल्दो म्हणजे रस्सा. परंतु स्पेनमधून आले ते केवळ नाव; पेज आली ती चीनमधून. स्पॅनिश लोकांनी 1571 मध्ये मनिला ही आपली राजधानी केली, त्याच्या आधीपासूनच चिनी व्यापारी आपली गलबते घेऊन या बेटांवर येत असत. पुढे 1594 मध्ये नदीच्या पलीकडील तीरावर बिनोंदो ही चिनी वस्ती उभी राहिली. चिनी लोकांच्या खाणावळींत स्पॅनिश गिऱ्हाइके येऊ लागली. त्यांच्या जिभेला चिनी नावे जड जात. म्हणून खाणावळवाल्यांनी आपल्याच पदार्थांना स्पॅनिश नावे दिली. 1898 मध्ये स्पेनची सत्ता गेली, तिच्या जागी अमेरिकेची आली, 1946 मध्ये तीही जाऊन देश स्वतंत्र झाला. पण पेजेचे नाव मात्र जसेच्या तसे राहिले.

ही पेज एखाद्या घरी कशी होते, ते आता पाहू. मनिलाच्या आग्नेयेस एक मोठे सरोवर आहे. त्याच्या काठच्या प्रदेशाला लागुना प्रांत म्हणतात. तेथील एखाद्या गावातील घर डोळ्यांपुढे आणा. घरात आजी आहे. तिला 'लोला' म्हणतात. वडील 'जीपनी' चालवितात. जीपनी म्हणजे उतारूंनी खचाखच भरणारी, रंगीबेरंगी चित्रांनी नटलेली लांबट मोटार. भावंडे तिघे आहेत. धाकट्याला 'बुन्सो' म्हणजे शेंडेफळ म्हणतात. मधला मुलगा दहा वर्षांचा आहे. थोरली बहीण तेरा वर्षांची आहे आणि तिला सारे 'आते' म्हणतात. आपल्याकडे आते म्हणजे वडिलांची बहीण. तिकडे आते म्हणजे थोरली बहीण! शब्दांचे असे योगायोग गमतीचे असतात. मात्र तेथे आते या शब्दात केवळ नाते नसून एक जबाबदारीही असते. आई घरी नसेल, तर आतेने घर पाहावयाचे, असा तो संकेत आहे.

आणि या घरी आई नाही. ती हाँगकाँगमध्ये एका कुटुंबाकडे घरकाम करते. फिलिपाइन्समधील सुमारे 20 लाख लोक कामासाठी परदेशी राहतात. कोणी रुग्णालयांत परिचारिका आहेत, कोणी जहाजांवर खलाशी आहेत. एकट्या हाँगकाँगमध्येच या देशातील सुमारे 2 लाख बायका घरकाम करतात. त्यांचा करार दोन वर्षांचा असतो. तो पुरा झाला की त्या रजा घेऊन घरी येतात. त्या पाठवितात त्या पैशांवर मुलांच्या शाळेची फी भरली जाते आणि घरावर पत्रे चढतात. या आईने मागच्या खेपेस पाठविलेल्या पैशांतून लोलाची औषधे आली आणि मधल्या मुलाचे बूट आले.

जुलै महिना आहे. या समुद्रात दरवर्षी सरासरी 20 तुफाने येतात व त्यांतली आठ-नऊ थेट किनाऱ्यावर आदळतात. नोव्हेंबर 2013 मधील तुफानात लेते बेटावरील ताक्लोबान शहर उद्ध्वस्त झाले आणि सहा हजारांहून अधिक माणसे मेली. तेव्हापासून इशारा ऐकला की लोक कान टवकारतात. वाऱ्याच्या जोराप्रमाणे 1 पासून 5 पर्यंत इशाऱ्याचे आकडे दिले जातात. आज आकडा लहान आहे, पण सकाळपासून पाऊस धरून राहिला आहे. शाळेला सुट्टी मिळाली आहे. वीज गेली आहे. बुन्सोला काल रात्रीपासून ताप आहे. वडील जीपनी घेऊन गेले आहेत, ते अजून परतलेले नाहीत. त्यातच शेजारच्या सखल घरात पाणी शिरले, म्हणून तेथील म्हातारा व त्याची नात लोलाकडे आली आहेत. मुलीने आल्याबरोबर लोलाचा हात हाती घेऊन आपल्या कपाळाला लावला. वडीलधाऱ्यांना नमस्कार करण्याची तेथील ही रीत आहे. तिला 'मानो' म्हणतात. भिजलेल्या कपड्यांनीही ती चुकत नाही.

आतेने तांदळाचा डबा उघडून पाहिला. तळाशी दीड वाटी तांदूळ उरले होते. त्याचा भात केला, तर फार तर तिघांना पुरेल. जेवणारी तोंडे सात! कोंबडीचे मांस अर्धा किलो आणि अंडी तीन. तिने क्षणभर विचार केला व मोठे पातेले खाली काढले.

एक वाटी तांदळाचा भात करावयाचा तर दोन वाट्या पाणी लागते. पेजेसाठी आठ ते दहा वाट्या लागते. शिजताना तांदळाच्या दाण्यातील पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, पुढे फुटतात आणि पाण्यात मिसळून त्याला दाटपणा आणतात. म्हणून पेज पाण्याचीच असली, तरी पाण्यासारखी लागत नाही. तिकडे या कामी साध्या तांदळात 'मालाग्कित' नावाचा चिकट तांदूळ मिसळतात, त्यामुळे पेज लवकर दाट होते. आतेकडे तो मूठभरच होता. तोही तिने धुऊन घातला.

प्रथम लसूण. लसणीचा एक गड्डा सोलून तिने बारीक चिरला आणि थंड तेलातच घालून मंद आचेवर ठेवला. तेवढ्यात आईचा दूरध्वनी आला. सायंकाळी कामातून क्षणभर सवड काढून ती घरी बोलते. बुन्सोचा ताप किती आहे, हे तिने आधी विचारले, मग वडील आले का, हे विचारले, आणि मग म्हणाली, "आनाक, लसूण काळा होऊ देऊ नकोस हं. सोनेरी दिसू लागला की लगेच काढ. बाहेर काढल्यावरही तो थोडा रंगतो."

"ओपो, नानाय," आते म्हणाली. नानाय म्हणजे आई. 'ओपो' म्हणजे 'हो', पण तो मोठ्यांशी बोलावयाचा, आदराचा 'हो' आहे. नुसते 'ओओ' म्हटले तर ते उद्धटपणाचे ठरते. आणि 'आनाक' म्हणजे अपत्य. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही तीच हाक. आपल्या 'बाळ' या शब्दाशी तिचे जवळचे नाते आहे.

लसूण निथळून बाजूला ठेवल्यावर त्याच तेलात आतेने आले घातले. आले हा या पेजेचा प्राण होय. अंगठ्याएवढा तुकडा पुरे, असे पुष्कळजण म्हणतील. लोलाच्या मते त्याच्या दुप्पट हवे. निम्मे आले उभे, बारीक कापावे व निम्मे ठेचून घालावे. म्हणजे ठेचलेल्याचा अर्क पेजेत उतरतो आणि कापलेले दाताखाली येते. पाठोपाठ कांदा. कांदा मऊ झाल्यावर कोंबडीचे हाडांसकट केलेले तुकडे पडले. त्यांवर 'पातिस' शिंपडले. लहान मासळी मिठात कित्येक महिने मुरवून तिचे जे तांबूस खारे पाणी निघते, ते पातिस. त्याचा वास उग्र असतो. परंतु शिजल्यावर तो नाहीसा होतो आणि चव मागे राहते. मग तांदूळ घालून तिने दोन-चार वेळा परतले आणि पाणी ओतले. दहा वाट्या झाल्या. तिने शेजाऱ्यांच्या नातीकडे पाहिले आणि आणखी चार वाट्या ओतल्या.

"आणि कासुभा?" आईने विचारले. "फळीवर, खिडकीजवळच्या डबीत आहे. चिमूटभर घाल."

या कासुभाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. कासुभा म्हणजे करडईच्या फुलांच्या वाळलेल्या पाकळ्या. त्या घातल्या की पांढऱ्या पेजेला केशरी-पिवळी छटा येते. केशर महाग, म्हणून गरिबाघरचे केशर ते हे. मनिलाच्या बाजारांत त्याच्या लहान लहान पुड्या मिळतात. आपल्याकडे सोलापूरच्या बाजूला रब्बीत करडईची शेते पिवळी होतात. तिचे तेल काढतात, कोवळ्या पानांची भाजी करतात. करडईला संस्कृतात 'कुसुंभ' म्हणतात आणि तिच्या पाकळ्यांच्या रंगावरूनच आपण 'कुसुंबी' रंग म्हणतो. तागालोगमधील 'कासुभा' हा शब्द त्या कुसुंभाचाच वंशज आहे! तो मलाया व जावा बेटांकडील व्यापाऱ्यांच्या तोंडून प्रवास करीत तेथे पोचला. तो एकटाच गेला नाही. तागालोग भाषेत शिक्षकाला 'गुरो', चेहऱ्याला 'मुखा', आशेला 'आसा' आणि दरिद्री माणसाला 'दुखा' म्हणतात. हे शब्द कोठून आले, ते तुम्हीच ओळखाल.

याला आणखी एक भक्कम साक्ष आहे. याच लागुना प्रांतात 1989 मध्ये एक ताम्रपट सापडला. तो जावा बेटावरील जुन्या लिपीत, जुन्या मलय भाषेत कोरलेला असून त्यात संस्कृत शब्द पुष्कळ आहेत. त्याच्यावरील काळ असा: शके 822, वैशाख महिना, कृष्ण पक्षातील चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन 900. आपल्या भिंतीवरील पंचांगात जो शक आपण आजही वाचतो, तोच अकराशे वर्षांपूर्वी त्या सरोवराच्या काठी चालू होता. ताम्रपटात कोणा राजाच्या विजयाचे वर्णन नाही. एका माणसाचे व त्याच्या मुलाबाळांचे कर्ज माफ झाले, त्याची ती पावती आहे. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो ठेवलेला आहे.

पेजेला उकळी येईपर्यंत आच मोठी चालते. त्यानंतर मात्र ती मंद केली पाहिजे आणि पातेल्यापासून दूर जाता कामा नये. दाट होत आलेली पेज तळाशी लागते, आणि एकदा का ती लागली की करपट वास वरपर्यंत चढतो. मग कितीही आले घाला, तो जात नाही. म्हणून आते मेणबत्तीच्या उजेडात उभी राहून लाकडी पळीने तळ खरवडीत होती. सुमारे पाऊण तासाने दाणे उमलले. मधल्या भावाने तीन अंडी उकडून सोलली. नातीने कांद्याची पात चिरली.

वाढावयाची वेळ आली तेव्हा एक अडचण उभी राहिली. तीन अंड्यांचे सहा अर्ध झाले, आणि वाडगे सात. आतेने सहा वाडग्यांत एकेक अर्ध ठेवला. त्यांत वडिलांसाठी झाकून ठेवलेला वाडगाही होता. सातवा वाडगा तिने आपल्याकडे ओढला व म्हणाली, "मला आज अंडे नको." लोला काही बोलली नाही. तिने आपल्या वाडग्यातील अर्ध्या अंड्याचे चमच्याने दोन तुकडे केले आणि एक उचलून आतेच्या पेजेत टाकला.

प्रत्येक वाडग्यावर तळलेला लसूण, कांद्याची हिरवी पात आणि मिऱ्याची पूड पडली. सोबत 'कालामान्सी' होती. हे बोराएवढे, वरून हिरवे व आतून नारिंगी असलेले आंबट फळ आहे. लिंबाप्रमाणे ते पेजेवर पिळतात. आंबटाने कोंबडीचा तेलकटपणा मोडतो, आल्याचा तिखटपणा वर येतो, आणि तापाने कडू झालेल्या तोंडाला चव येते. 'काइन तायो!' असे लोला म्हणाली. 'चला, जेवू या' असा त्याचा अर्थ. जेवणाऱ्याने समोर येईल त्याला, मग तो वाटसरू का असेना, असे म्हणावयाचे असते.

बुन्सोने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "नानाय करते तशी नाही," तो म्हणाला. दूरध्वनी अजून चालूच होता. पलीकडे आई हसली. तिच्यामागून भांड्यांचा आवाज येत होता. ज्या घरी ती काम करते, तेथेही त्या सायंकाळी लहान मुलांसाठी पेजच शिजत होती. हाँगकाँगचे लोक तिला 'जूक' म्हणतात. समुद्रापलीकडून मनिलाच्या चिनी खाणावळींत आली, तीच ही पेज. आई परक्या मुलांचे पातेले ढवळीत होती आणि तिची मुलगी घरचे. "आले कमी पडले असेल," आई म्हणाली. "नाही, भरपूर आहे," लोलाने उत्तर दिले. बुन्सोने मात्र त्यापुढे तक्रार केली नाही. त्याने वाडगा रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला.

वडील रात्री नऊच्या सुमारास आले. रस्त्यावर गुडघाभर पाणी चढल्यामुळे त्यांनी जीपनी उंचावरील देवळाजवळ ठेवली होती आणि ते चालत आले होते. झाकलेला वाडगा एव्हाना गार झाला होता, पण आतेने तो पातेल्यात ओतून पुन्हा गरम करून दिला. त्यांनी काही न बोलता खाल्ले. मग घरात कोण कोण आहे ते पाहिले, म्हाताऱ्या शेजाऱ्याला आपली चटई दिली आणि पातेल्यात डोकावून विचारले, "सकाळला उरेल का?"

पेज रात्रभर ठेवली की उरलेले पाणीही शोषून घेते. सकाळी ती इतकी घट्ट होते, की पळी तीत उभी राहते. आतेने तीत तांब्याभर पाणी घातले, चिमूटभर मीठ टाकले, उरलेले आले ठेचले आणि पातेले पुन्हा मंद आचेवर चढविले. पाऊस अजून पडतच होता.